दोन वेतांतील अंतर : बारामती-इंदापूर भागातील गायींच्या प्रजननाचा प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले आणि कालव्याखालच्या जमिनीत ऊस उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले, आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे इंदापूरच्या भीमाकाठालाही पाणी मिळाले. परंतु कालव्याच्या वरच्या अंगाचा मोठा पट्टा जिरायतच राहिला. बागायतदार असो की जिरायतदार, संकरित गाय मात्र आज दोघांच्याही दारात बांधलेली दिसते. याचे कारण उघड आहे. आडसाली उसाचा पैसा दीड वर्षाने हाती येतो. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो. मुलांच्या शाळेचा खर्च, किराणा, दवापाणी हे सारे या दहा दिवसांच्या पगारावर चालते.

दुधाच्या धंद्याची चर्चा बहुधा लिटरमध्ये होते. गाय किती लिटर दूध देते, हा बाजारात पहिला प्रश्न असतो. ती शेवटची केव्हा व्याली आणि त्याआधी केव्हा व्याली होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक दुग्धव्यवसायाचा नफा-तोटा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असतो.

दिवसांचा हिशेब

गायीचा गाभण काळ सरासरी २८० दिवसांचा. व्याल्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली, तर बरोबर वर्षाला एक वेत मिळते. हे आदर्श झाले. आपल्याकडील संकरित गायींच्या बाबतीत १३ महिन्यांचे अंतर साधले तरी ते उत्तम समजावे. व्याल्यानंतरच्या पहिल्या ६० दिवसांत गर्भाशय पूर्ववत होत असल्याने तेवढा काळ रेतन करू नये, असे सामान्यतः सांगितले जाते. म्हणजे साठाव्या दिवसापासून सुमारे १२० व्या दिवसापर्यंतचा दोन महिन्यांचा काळ हाच काय तो कामाचा. माजाचे चक्र २१ दिवसांचे असल्यामुळे या काळात फार तर तीन संधी मिळतात.

या संधी हुकल्या म्हणजे काय होते? पहिल्या वेतानंतरच्या साडेसहा वर्षांत १३ महिन्यांच्या अंतराने विणारी गाय आणखी सहा वेळा विते. १८ महिन्यांच्या अंतराने विणारी केवळ चार वेळा. दोन वेते आणि दोन वासरे गेली. एका वेतात दहा महिने भरघोस दूध धरले, तर पहिलीला प्रत्येक वेतामागे तीन महिने, तर दुसरीला आठ महिने दुधाविना किंवा अगदी थोड्या दुधावर पोसावे लागते. गाय रिकामी राहिली की ती आणखी काही दिवस दूध देत राहते हे खरे. पण ते दूध उतरत्या पायरीचे असते आणि वैरणीचा खर्च मात्र उतरत नाही. दोनच गायी असलेल्या कुटुंबात एक गाय अशी रेंगाळली, तर घरचा निम्मा पगार बंद होतो. मोठ्या गोठ्याला ही झळ पचते, लहान शेतकऱ्याला पचत नाही.

मात्र फार दूध देणारी गाय असेल, तर तिला रेतन करण्यास थोडा विलंब झाला म्हणून बिघडत नाही. रोज पंचवीस-तीस लिटर दूध देणाऱ्या गायीचे अंतर १४ महिन्यांवर गेले तरी हिशेब जुळू शकतो. चिंता करावयाची ती दहा-बारा लिटरच्या, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत रिकाम्या राहिलेल्या गायीची. गोठ्यांत संख्या याच गायींची अधिक असते.

खिलारपासून संकरित गायीपर्यंत

या भागाचे मूळचे जनावर म्हणजे खिलार. औताला व गाडीला चपळ, उन्हाला टणक, अपुऱ्या वैरणीवर टिकणारे. खिलार गायीचे दूध तिच्या वासराला पुरेल एवढेच. परंतु तिला वर्ष-दीड वर्षाने वासरू होई आणि माज ओळखण्याचे काम गावचा वळू करीत असे. मालकाला त्याची फारशी काळजी नव्हती.

पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली आणि संकरित पैदाशीसाठी शेतकऱ्याच्या दारापर्यंत कृत्रिम रेतनाची सेवा नेण्याची पद्धत रुजविली. १९७० मध्ये देशात ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. बारामतीत १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्याच संस्थेच्या वतीने तेथे १९९२ पासून कृषी विज्ञान केंद्र चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. अशा अनेक प्रयत्नांतून या तालुक्यांत काळ्या-बांड्या संकरित गायींचा प्रसार झाला आणि दुधाची गंगा वाहू लागली.

या बदलात एक गोष्ट नकळत घडली. वळू गेला. त्याच्याबरोबर माज ओळखणारा जाणकारही गेला, आणि ते काम माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडले. नवी गाय दावणीला बांधलेली, दुधाच्या ताणाखालची आणि आपल्या हवामानात थोडी परकी. तिचा माज खिलारीसारखा ठसठशीत नसतो. प्रजननाच्या ज्या तक्रारी आज ऐकू येतात, त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ गायीच्या रोगात नसून या न भरलेल्या जागेत आहे.

माज कोणी पाहावयाचा?

माजावर आलेली गाय अस्वस्थ होते, हंबरते, वैरण कमी खाते, दूध एकाएकी घटते, वारंवार थोडी थोडी लघवी करते. योनिमार्गातून काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट लोंबतो. शेपटीला व मांडीला तो वाळून चिकटलेला दिसतो. परंतु या सर्वांपेक्षा खात्रीची खूण एकच : दुसरे जनावर अंगावर उडाले असता ती पळत नाही, स्थिर उभी राहते. दावणीला बांधलेल्या गायीत ही खूण दिसणारच नाही. म्हणून गायी दिवसातून दोन-तीन वेळा तरी मोकळ्या सोडाव्यात. अलीकडे या भागात तारेचे वा पाइपचे कुंपण करून मुक्त संचार गोठे मोठ्या संख्येने झाले आहेत. मजुरी वाचते म्हणून ते लोकप्रिय झाले. पण त्यांचा मोठा लाभ माज उघड दिसणे हा आहे.

माज संकरित गायीत साधारणतः १२ ते १८ तास टिकतो, आणि भरपूर दूध देणाऱ्या गायीत त्याहूनही कमी. त्याचा मोठा भाग रात्री किंवा पहाटे येतो. सकाळी आठ वाजता गोठ्यात डोकावणाऱ्या मालकाला तो दिसला नाही, तर गायीला ‘मुका माज’ आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पुष्कळदा माज मुका नसतो, पाहणारा तेथे नसतो. पहाटे, दुपारी व रात्री झोपण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे केवळ निरीक्षणासाठी गोठ्यात उभे राहणे हाच यावर उपाय. शेण काढताना किंवा धार काढताना पाहिले म्हणजे पाहिले, असे होत नाही.

या निरीक्षणाचे मोल एका साध्या गणिताने कळेल. शंभर माजचक्रांपैकी पन्नास ओळखली आणि केलेल्या दर दहा रेतनांपैकी चार यशस्वी झाली, तर शंभर चक्रांतून वीस गायी गाभण राहतील. म्हणजे एका गाभणीमागे पाच चक्रे. रेतनाचे यश तेवढेच धरून ओळखलेली चक्रे पन्नासांवरून ऐंशी झाली, तर बत्तीस गाभणी मिळतील, म्हणजे एका गाभणीमागे तीनपेक्षा थोडी अधिक चक्रे. जवळजवळ दोन चक्रे, सुमारे चाळीस दिवस वाचले. त्यासाठी एकही इंजेक्शन द्यावे लागले नाही.

येथे एका सामाजिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पहाटे गोठ्यात पहिले पाऊल बहुतेक घरी स्त्रीचे पडते. सोट तिला दिसतो, गायीचे हंबरणे तिला ऐकू येते. परंतु प्रशिक्षणाचे वर्ग, शिबिरे, दूध संस्थेच्या सभा यांना पुरुष येतात आणि रेतनासाठी दूरध्वनीही त्यांनीच करावयाचा असतो. गायीची बातमी ज्या व्यक्तीला प्रथम कळते, तिला निर्णयाचा अधिकार नसेल, तर बारा तासांचा माज घरातल्या घरातच निघून जातो. पशुसंवर्धनाचे वर्ग दुपारच्या मोकळ्या वेळी, वाडी-वस्तीवर आणि स्त्रियांसाठी घेणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

रेतनाची वेळ कोणती? अमेरिकेतील नेब्रास्का येथे ट्रिम्बर्गर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात केलेल्या निरीक्षणांतून जो नियम निघाला, तो आजही उपयोगी आहे : सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. स्त्रीबीज माज संपल्यानंतर सुमारे दहा ते बारा तासांनी सुटते, हे त्यामागील कारण. फार लवकर केलेले रेतन वाया जाते, फार उशिराचेही. माजानंतर एक-दोन दिवसांनी काही गायींच्या, विशेषतः कालवडींच्या, शेपटीला रक्त दिसते. ‘गाय फळली नाही’ असा त्याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी लावतात. तो चुकीचा आहे. रक्त दिसले याचा अर्थ इतकाच, की माज नुकताच होऊन गेला. तो पाहण्यात आला नसेल, तर तारीख लिहून ठेवावी आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवावे.

उसाचे वाढे आणि गव्हाण

गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या फडातून वाढ्यांच्या मोळ्या गावोगावी फिरू लागतात. बारामती-इंदापूरच्या गायीचा हिवाळा बहुतांशी या वाढ्यांवर निघतो. वाढे हिरवे, पोटभरू व स्वस्त. त्यांना सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. दुष्काळात याच वाढ्यांनी हजारो जनावरे जगविली आहेत. परंतु जगविणे वेगळे आणि व्यालेल्या गायीला पुन्हा गाभण ठेवणे वेगळे.

वाढ्यांत प्रथिने फार कमी असतात. शिवाय त्यांत ऑक्झलेट नावाचा घटक असतो. तो खाद्यातील कॅल्शियमला बांधून टाकतो व ते शरीराला मिळू देत नाही. दुधावाटे कॅल्शियम बाहेर जात असतेच. त्यात ही भर पडते. महिनोन्महिने केवळ वाढ्यांवर राहिलेली गाय वरवर धट्टीकट्टी दिसेल, पण व्याल्यानंतर तिचा जार वेळेवर पडत नाही, गर्भाशय लवकर आकुंचन पावत नाही, माज लांबतो. म्हणून वाढे हे वैरणीच्या निम्म्यापेक्षा अधिक असू नयेत. सोबत लसूणघास, मका, कडवळ, संकरित नेपियर यांपैकी जे जमेल ते द्यावे. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची शिफारस केली जाते, ती कॅल्शियमची तूट काही अंशी भरून काढण्यासाठी. मात्र निवळी हा खनिज मिश्रणाचा पर्याय नव्हे. स्फुरद, तांबे, जस्त, मँगॅनीज यांची गरज त्यातून भागत नाही. दुभत्या संकरित गायीला रोज ५० ते १०० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण, तिच्या दुधाच्या प्रमाणात, वर्षभर द्यावे. गाय उलटू लागल्यावर आठ दिवस मिश्रण चारून मग ते बंद करणे, यात पैसा जातो आणि गुण येत नाही.

खनिजांइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा आहे तो ऊर्जेचा प्रश्न. व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, पण भूक तितक्या वेगाने वाढत नाही. पहिले दोन महिने गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देत असते. जी गाय या काळात फार वाळते, तिच्या बीजांडकोशाचे काम मंदावते. निसर्गाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे; पोटाला पुरत नसताना नवा गर्भ धरण्यास शरीर राजी नसते. त्यावर उपाय व्याल्यानंतर नव्हे, व्याण्यापूर्वीच सुरू होतो. गाय विण्याच्या ६० दिवस आधी आटवावी आणि या दोन महिन्यांत तिला ‘दूध देत नाही’ म्हणून उपाशी ठेवू नये. विण्याच्या वेळी पाठीचा कणा व बरगड्या ठळक न दिसाव्यात, तसेच शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळेही नसावेत. अति लठ्ठ गायही व्याल्यावर खाणे टाकते आणि तिचीही तीच गत होते. व्याल्यानंतर खुराक हळूहळू वाढवावा. मक्याचा मुरघास या भागात आता सर्वत्र होऊ लागला आहे. वर्षभर सारखी ऊर्जा देणारी वैरण म्हणून त्याचे महत्त्व दुधापेक्षाही प्रजननासाठी आहे. याउलट दूध वाढावे म्हणून नुसत्या पेंडीचा मारा करणे टाळावे. गरजेपेक्षा जास्त प्रथिनांमुळे रक्तातील युरिया वाढतो व गर्भ टिकण्यास अडथळा येतो.

चैत्र-वैशाखातील गाय

मार्च ते जून या महिन्यांत इंदापूरकडील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. होल्स्टिन रक्ताच्या गायीला हे सोसत नाही. ती धापते, वैरण सोडते, माज तोकडा होतो. रेतन झाले तरी पहिल्या आठवड्यातील कोवळा गर्भ शरीराच्या वाढलेल्या तापमानाने दगावतो. मालकाला इतकेच दिसते की गाय उलटली. विदेशी रक्ताचे प्रमाण जितके अधिक, तितका हा त्रास अधिक. म्हणून प्रत्येक पिढीत डोळे मिटून होल्स्टिनचीच वीर्यकांडी भरत जाणे या हवामानात शहाणपणाचे नाही. सावली, वारा व दिवसभर समोर थंड पाणी ही तीन साधने प्रथम करावीत. छपराची उंची वाढवावी, गोठ्याभोवती झाडे लावावीत, दुपारी अंगावर पाणी मारून लगेच पंख्याचा वारा द्यावा. नुसते पाणी फवारून गोठा दमट ठेवला व वारा खेळता नसला, तर उकाडा वाढतोच. मुख्य वैरण पहाटे व रात्री टाकावी.

लाळ्या-खुरकुताचा आजार होऊन गेलेली संकरित गाय कधी कधी पुढे कायमची धापणारी होते, अंगावर केस वाढतात आणि ती नीट गाभण राहत नाही. लसीकरण चुकविण्याची ही किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागते.

उलटणारी गाय

नियमित माज, सोट स्वच्छ, तपासणीत दोष नाही, तरीही तीन किंवा अधिक वेळा रेतन करूनही गाय गाभण राहत नाही, तिला उलटणारी गाय म्हणतात. अशा वेळी औषधांची यादी मागण्याआधी रेतनाकडेच वळून पाहावे. वीर्यकांडी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नत्रात असते. ती ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरून वितळवावी लागते आणि वीर्य गर्भाशयमुखाच्या लगेच पुढे सोडावे लागते. नत्राची पातळी खाली गेली, कांडी हातात किंवा खिशात वितळवली, भांड्याच्या तोंडाशी वारंवार वर-खाली केली, तर शुक्रजंतू मरतात. वरून काहीही कळत नाही. रेतन करणाऱ्याजवळ पाण्याचे तापमान मोजण्याचे साधन आहे काय, हे विचारण्याचा गायीच्या मालकाला पूर्ण अधिकार आहे. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो वहीत लिहून घ्यावा. तो न लिहिल्यामुळेच पुढे त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाते.

सोट गढूळ, पिवळसर किंवा दुर्गंधीयुक्त असेल, तर त्या माजाला रेतन करू नये. गर्भाशयाचा दाह आहे असे समजून पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत. या दाहाचे मूळ पुष्कळदा विण्याच्या रात्रीच असते. बारा तासांनंतरही जार न पडल्यास त्याला जड वस्तू बांधणे किंवा अप्रशिक्षित माणसाने हात घालून तो ओढणे ही जुनी रीत अजूनही काही ठिकाणी दिसते. त्यामुळे गर्भाशयाला इजा होते व पुढचे सहा महिने वाया जातात.

गर्भतपासणीबाबत एक गैरसमज फार महाग पडतो. रेतनानंतर माज दिसला नाही म्हणजे गाय गाभण, असे धरून चालतात. आणि पाचव्या महिन्यात ती रिकामी निघते. ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान हाताने, किंवा सोनोग्राफीची सोय असल्यास महिन्याभरानंतर, तपासणी करून घ्यावी. याच्या उलटही घडते. काही मोजक्या गायी गाभण असतानाही माजाची लक्षणे दाखवितात. तपासल्याशिवाय त्यांना पुन्हा रेतन केले, तर गर्भ पडण्याचा धोका असतो.

माज एकाच वेळी आणणाऱ्या इंजेक्शनांचा अलीकडे बराच बोलबाला आहे. प्रोस्टाग्लँडिनचा उपयोग १९७० च्या दशकापासून सुरू झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९५ मध्ये तयार झालेल्या पद्धतीत तर माज न पाहता ठरलेल्या वेळी रेतन करता येते. योग्य गायीत याचा चांगला उपयोग होतो. पण जिचे पोट भरलेले नाही तिला ही इंजेक्शने गाभण ठेवू शकत नाहीत, आणि चुकून गाभण गायीला प्रोस्टाग्लँडिन दिले तर ती गाभडते. पशुवैद्यकाने तपासल्यावाचून दुकानातून आणून ती टोचू नयेत.

कालवडींसंबंधी थोडक्यात. संकरित कालवड वयाने नव्हे, वजनाने फळवावी. सुमारे २५० किलो वजन झाल्यावर. चांगल्या संगोपनाने ते १५ ते १८ महिन्यांत होते. जुळ्यात नर वासराबरोबर जन्मलेली कालवड दहातील नऊ वेळा वांझ निघते. अशी कालवड पैदाशीसाठी विकत घेण्यापूर्वी तपासून घ्यावी. लिंग-विनिश्चित वीर्यमात्रांमुळे आता शंभरात नव्वद कालवडी मिळू शकतात. नर वासरांचा प्रश्न ज्या गोठ्यांना भेडसावतो, त्यांना हा मोठा दिलासा आहे. मात्र या कांड्यांत शुक्रजंतू कमी असल्याने गर्भधारणेचे प्रमाण थोडे कमी राहते. म्हणून त्या निरोगी कालवडींना व पहिल्या वेतातील गायींना, माज अचूक ओळखून वापराव्यात. उलटणाऱ्या गायीला ही कांडी भरणे म्हणजे पैसे टाकणे होय.

गाभडणारा गोठा

सहाव्या ते आठव्या महिन्यात गाय गाभडली, तर तो केवळ त्या गायीचा अपघात समजू नये. ब्रुसेल्लोसिस या सांसर्गिक रोगाची ती खूण असू शकते. हा रोग माणसालाही होतो. दिवसेंदिवस येणारा ताप, सांधेदुखी अशी लक्षणे असतात आणि निदान लवकर होत नाही. गाभडलेला गर्भ व जार उघड्या हातांनी उचलू नये, कुत्र्यांना टाकू नये; चुना घालून खोल पुरावा आणि दूध उकळूनच वापरावे. केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना या रोगाची लस देण्याचा समावेश आहे. लस आयुष्यात एकदाच द्यावयाची असल्याने हे वय हुकले की संधी गेली. ग्रामपंचायतीने गावातील या वयाच्या वासरांची यादी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे देणे, हे काम अवघ्या एका दिवसाचे आहे.

नोंदवही व खोडा

आता प्रत्येक गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि त्यावर शासकीय नोंदी चढविल्या जातात. या नोंदी गोठ्यातील नोंदवहीची जागा घेऊ शकत नाहीत. कारण रेतन झाले तेव्हाच शासकीय नोंद होते. माज आला आणि कोणी पाहिला नाही, किंवा पाहिला पण रेतनाला कोणी आले नाही, याची नोंद तेथे होत नाही. गायीच्या नावासमोर विण्याची तारीख, प्रत्येक माजाची तारीख, रेतनाची तारीख व वेळ, वळूचा क्रमांक आणि तपासणीचा निकाल एवढे पाच रकाने पुरे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माजाच्या दिवसाला खूण करून पुढे एकविसाव्या दिवसालाही खूण केली, तर निरक्षर माणसालाही ती वाचता येते. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून घरच्या गायींची अशी वही ठेवून घेतली, तर बेरीज-वजाबाकीचा सराव होईल आणि गोठ्यालाही शिस्त येईल. काही घरांत गायीच्या तारखा मुलांनाच अधिक अचूक पाठ असतात.

दूध संस्थेच्या सचिवाजवळ रोजच्या दुधाचा आकडा असतोच. त्याच्या शेजारी ‘व्याल्यापासून किती दिवस’ हा एक आकडा लिहिला, तर महिन्याअखेर गावातील १२० दिवसांवर गेलेल्या रिकाम्या गायींची यादी आपोआप तयार होईल. वंध्यत्व निवारण शिबिरात पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तपासावयाच्या गायी त्याच. दिवसभराच्या शिबिरात समोर येईल त्या शंभर जनावरांना हात लावण्यापेक्षा या यादीतील पंचवीस गायी नीट तपासणे अधिक फलदायी ठरते. पुढच्या महिन्यात त्याच पंचवीस गायी पुन्हा पाहिल्या पाहिजेत.

ग्रामपंचायतीकडून व्हावयाचे आणखी एक काम किरकोळ वाटेल, पण त्याचा उपयोग मोठा आहे. अनेक वाड्यांवर गाय उभी करण्यास खोडा नसतो. मग गाय झाडाला बांधून, चौघांनी धरून रेतन होते. घाबरलेल्या गायीत रेतनाची नळी योग्य जागी पोचत नाही, आणि तपासणी तर होतच नाही. लोखंडी पाइपचा एक पक्का खोडा, त्याला वर सावली, शेजारी हात धुण्यास पाणी व खाली न घसरणारी फरशी, एवढे दूध संकलन केंद्राजवळ असावे. रेतनानंतर गाय थोडा वेळ तेथेच सावलीत उभी राहू द्यावी. उन्हातून पळवत घरी नेऊ नये.